२०१९च्या महापुरावरील माहितीपट : मदत नेमकी कोणाची दाखवली?

कृष्णाकाठ :
स्वयंसेवकांवरील ज्या माहितीपटाला काल येथे 'माणुसकीचा महापूर' म्हटले गेले, तो मी पाहिला आणि उत्तर दिल्यावाचून राहवेना. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. माहितीपट मात्र सुरू होतो पाणी ओसरल्यावर, पुण्या-मुंबईच्या ट्रकांपासून. त्याआधी पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, बाहेरचे कोणी येऊच शकत नव्हते, तेव्हा गुळाच्या काहिलीत बसवून म्हाताऱ्यांना बाहेर काढणारी माणसे गावचीच होती. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये गावची बोट उलटून १७ जणांचा जीव गेला, त्याचा साधा उल्लेखही नसावा?

मुळशीकर :
त्या ट्रकांपैकी एकात मी होतो, त्यामुळे हा टोमणा मलाही आहे असे समजतो. माहितीपट स्वयंसेवकांवर आहे, पुराच्या इतिहासावर नाही. लग्नाच्या चित्रफितीत मुंजीचे फोटो नाहीत म्हणून रुसून बसण्यात काय अर्थ आहे? आम्ही रजा टाकून एका शाळेतला गुडघाभर गाळ उपसला, तेव्हा त्या गावातला एकही तरुण फावडे धरायला आला नव्हता.

शिरोळकर :
तो तरुण तेव्हा स्वतःच्या गोठ्यातली मेलेली म्हैस ओढून काढत असेल, हे आपल्या ध्यानात आले नाही काय? आता विषय निघालाच आहे तर कपड्यांचेही ऐका. माझ्या बहिणीच्या गावात फाटक्या साड्या, एकाच पायातल्या चपला आणि जरीचे झगे यांचा ढीग चावडीसमोर पडला होता. पावसात भिजून त्याला वास सुटला आणि शेवटी ग्रामपंचायतीला ट्रॉली लावून तो गावाबाहेर टाकावा लागला. ही मदत होती, की शहरातल्या कपाटांची दिवाळीआधीची साफसफाई?

ठाण्याची वाचक :
मीही कपडे दिले होते, धुऊन, इस्त्री करून आणि मापाच्या चिठ्ठ्या लावून. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. काय हवे ते आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. फिनेल, खराटे, सॅनिटरी नॅपकिन आणि जनावरांचा चारा यांची नुसती यादी मिळाली असती, तर तीच पाठवली असती.

शिरोळकर :
दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे टॉवर बंद होते. यादी कशावर पाठवायची होती?

मुळशीकर :
कपड्यांचे मान्य, तो मूर्खपणाच होता. पण मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटवणारे पुण्याहून आले नव्हते, तेही एकदा लिहा.

निवृत्त अभियंता :
कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे वेळेवर उघडले असते, तर कपडेही लागले नसते आणि माहितीपटही निघाला नसता.

कृष्णाकाठ :
साहेब, पुराची कारणे तपासणाऱ्या सरकारच्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीला दिलेला नाही. तो निष्कर्ष येथे अनेकांना पटत नाही, हे मला ठाऊक आहे, परंतु त्यासाठी वेगळी चर्चा सुरू करावी. मुळशीकर, आपण गाळ उपसलात याबद्दल मनात कृतज्ञता आहे आणि ती मी कधी नाकारलेली नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, की त्या पडद्यावर पूरग्रस्त माणूस फक्त हात पुढे करताना दिसतो. कोल्हापूरच्या व्हाइट आर्मीसारखी बचावकार्यात मुरलेली स्थानिक संघटना असताना 'बाहेरून लोक आले म्हणून गावे उभी राहिली' असे निवेदन ऐकावे लागते, ते सहन होत नाही.

मुळशीकर :
ते एक वाक्य गाळायला हवे होते आणि ब्रह्मनाळ यायला हवे होते, झाले समाधान? आता पुढच्या पुरात बाहेरच्यांनी यायचे की नाही, तेवढे कळवा, म्हणजे रजा वाया जाणार नाही.

शिरोळकर :
अवश्य यावे. निघण्यापूर्वी गावात फोन करावा, ट्रकमध्ये चारा भरावा आणि कॅमेरावाल्यालाही एक फावडे द्यावे.