शब्दचर्चा: 'नशीब' आणि 'योगायोग' एकच का?

परवा जालन्याजवळ आमच्या आत्याकडे गेले होते. मृग कोरडा गेला होता, पाऊस झाला तो आर्द्रात. मी सहज म्हणाले, "नशिबानं पेरणी साधली, आत्या." त्यांनी लगेच अडवलं, "नशीब म्हणू नये बाई, आपण ख्रिस्ती माणसं. देवाच्या कृपेनं साधली म्हण." संध्याकाळी भिशीची चिठ्ठी उघडली तर नाव निघालं आत्याचंच, आणि नेमकी त्याच दिवशी त्यांना पैशाची नड होती. तेव्हा त्याच म्हणाल्या, "काय योगायोग!" मग नशीब वर्ज्य आणि योगायोग चालतो, असं का? पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, यासाठी काही शब्द आहेत का?

प्रतिसाद

ताई, आत्यांनी फरक अचूक केलाय असं मला वाटतं.

'नशीब' म्हणजे अरबी 'नसीब', मूळ अर्थ वाटा, हिस्सा. 'किस्मत'ही तसाच, वाटणीला उर्दूत 'तक्सीम' म्हणतात, तो त्याच धातूचा. आपलं 'भाग्य'सुद्धा 'भाग'शी जोडलेलं. वाटा म्हटला की वाटून देणारा आलाच. पण बोलीत तो देणारा गळून पडला आणि वाटाच कर्ता होऊन बसला: नशीब उघडलं, नशीब फुटलं, नशिबानं दगा दिला. त्यात सटवाई पाचवीच्या रात्री कपाळावर लिहून जाते ही समजूत मिसळली. 'दैव' शब्दाचं तर मला फार वाईट वाटतं. तो देवापासूनच तयार झाला, आणि आज आपण 'आंधळं दैव' म्हणतो.

आत्यांची हरकत या कर्त्या नशिबाला आहे, आणि ती जुनी आहे. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात (65:11) परमेश्वराला विसरून 'गाद'साठी मेज मांडणाऱ्यांना आणि 'मनी'साठी प्याले भरणाऱ्यांना संदेष्टा खडसावतो. ही नशिबाची दैवतं. 'मनी'चा धातू मोजून देणं, नेमून देणं या अर्थाचा. म्हणजे तिथंही वाट्याचंच दैवत झालं होतं!

आता चिठ्ठी. इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेतला 'गोराल' म्हणजे चिठ्ठी, आणि चिठ्ठीनं वाट्याला आलेली जमीनही. मोशेनंतरचा इस्राएलांचा पुढारी यहोशवा, त्यानं शिलो इथं त्यांच्या सात वंशांना जमीन अशीच वाटली. आपल्याकडं भाऊवाटणीत धुऱ्याची, विहिरीची भांडणं मिटवायला चिठ्ठ्या टाकतात, तसंच ते. नीतिसूत्रे हे बायबलातलं पुस्तक (16:33) सांगतं की चिठ्ठी पदरात पडते, पण निर्णय परमेश्वराचा असतो. म्हणून आत्यांच्या भिशीच्या चिठ्ठीत मला काही वावगं दिसत नाही. मात्र देवाची इच्छा ओळखायला चिठ्ठ्या टाकू नयेत. यहूदाच्या जागी मत्थियाला प्रेषित म्हणून चिठ्ठीनं निवडलं, त्यानंतर नव्या करारात मंडळी तसं करताना दिसत नाही.

'योगायोग' निराळा. तो कुणाला कर्ता करत नाही, दोन गोष्टी एका ठिकाणी आल्या एवढंच सांगतो. वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आधी एक याजक त्या वाटेनं येतो, तिथं लूकच्या शुभवर्तमानाच्या ग्रीकमध्ये (10:31) 'सिंकीरिया' हा शब्द आहे. त्यातला 'सिन' म्हणजे 'सह', दोन गोष्टी एकत्र येणं. नव्या करारात तो एवढ्या एकाच जागी येतो आणि येशूच्या तोंडी येतो. बायबलातल्या रूथ या गरीब परदेशी विधवेचं उदाहरण मला त्याहून प्रिय आहे. ती सरवा वेचायला निघते आणि नेमकी बवाजाच्या, म्हणजे सासरच्या नातलगाच्या आणि पुढं तिचा नवरा होणाऱ्याच्या, शेतात जाते. इथं इब्रीत (2:3) 'घडणं' या एकाच धातूचं क्रियापद आणि नाम लागोपाठ येतात, जणू 'तिचं घडणं असं घडलं'. रूथला शेत कुणाचं ते माहीत नव्हतं. पुढं तिच्या वंशात दावीद राजा जन्मतो. तिच्या बाजूनं पाहिलं तर योगायोग, देवाच्या बाजूनं पाहिलं तर योजना. सांगणाऱ्यानं दोन्ही राहू दिलं. उपदेशक या पुस्तकातला (9:11) इब्री शब्द 'पेगा'ही असाच, अचानक गाठ पडणं.

प्रतिसाद

मी औसा तालुक्यातला. वरच्या दादांचं पटलं, पण 'देवाची योजना' हा शब्दही जपून वापरावा लागतो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3:56 ला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच झोपेतल्या माणसांवर आलं. बाहेर झोपलेले वाचले. त्यांना लोक 'नशीबवान' म्हणायचे, आणि गेलेल्यांबद्दल 'काहीतरी पाप असेल' असंही कानावर यायचं. लूक 13:4 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, त्यांच्याबद्दल येशू विचारतो, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तरही देतो, नाही. बुरूज का पडला हे मात्र तो सांगत नाही. म्हणून मयताच्या घरी मी नशीबही म्हणत नाही आणि योजनाही म्हणत नाही. नुसता जवळ बसतो.

प्रतिसाद

दोघांचेही आभार. रूथचा दुसरा अध्याय आत्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "सरव्याला निघाली म्हणून गाठ पडली, घरी बसली असती तर?" मग स्तोत्र 16 मधली ओळ त्यांनीच काढली, परमेश्वर माझ्या वतनाचा वाटा आहे ही. 'नशीब' म्हणजे वाटाच, हे सांगितल्यावर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. पण पेरणीला अजून 'कृपेनं साधली' असंच म्हणतात, आणि आता मीही तसंच म्हणते.