पेरुजियात कुठे राहायचं? सोबत गुडघे दुखणारी आई आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी इटलीत पेरुजियाला चाललोय. लेकीला तिथल्या स्ट्रानिएरी विद्यापीठात, म्हणजे ते परदेशी लोकांना इटालियन शिकवतात ते, महिन्याभराचा कोर्स करायचाय. तिला सोडायच्या निमित्ताने आपणही आठवडाभर राहून येऊ असं मी आणि नवऱ्याने ठरवलं, तर आई म्हणाली मी पण येते. आईचं वय ७४. सपाटीवर ती माझ्यापेक्षा जास्त चालेल, पण जिना आला की एकेक पायरी, कठडा धरून, आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त कळा येतात. वर आणखी एक, मॉलमधल्या सरकत्या जिन्यावरसुद्धा ती पाय टाकत नाही, लिफ्ट शोधत बसते. आणि आम्ही निवडलंय काय, तर अख्खंच्या अख्खं डोंगरावर वसलेलं गाव जिथे म्हणे वर जायला सरकते जिनेच लावलेत!

लेकीचं कॉलेज पियाझ्झा ग्रिमानात आहे, ती मोठी एट्रुस्कन कमान आहे तिच्या समोरच. तिची वेगळी खोली कोर्सो गारिबाल्दीवर बघतोय, विद्यार्थ्यांची वस्ती आहे, भाडंही परवडणारं आहे. प्रश्न आमचा आहे. तीन पर्याय डोक्यात आहेत.

एक म्हणजे खाली फोंतीवेज्जे स्टेशनजवळ हॉटेल. लिफ्टवालं, नवं, स्वस्त, आणि मिनीमेट्रो पकडून रोज वर जायचं. नवऱ्याचं मत इथे, कारण त्याला एखाद-दोन दिवस गाडी भाड्याने घेऊन ट्रासिमेनो तलावाकडे जायचंय आणि खाली पार्किंग मिळेल म्हणतो.

दुसरं, लेकीच्या जवळ, गारिबाल्दी किंवा त्याच्या आसपास फ्लॅट. माझा जीव इथे अडकलाय, उघड आहे.

तिसरं, अगदी वर कोर्सो वान्नुच्ची नावाच्या मुख्य रस्त्याला लागून. महाग आहे, पण म्हणे तो रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे.

मॅपवर बघितलं तर कॉलेजपासून मुख्य चौक चारशे मीटरसुद्धा नाही, म्हटलं मग काय दुसरा पर्याय घेऊन टाकू. पण नंतर स्ट्रीट व्ह्यूवर व्हिया उलिस्से रोक्की बघितली, तोच मधला रस्ता, आणि तिथल्या घरांचे दरवाजे बघा, प्रत्येक उंबऱ्याची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा चांगली वीतभर खाली, इतका उतार! फ्लॅटवाल्यांना मेसेज करून विचारलं की पायऱ्या किती, तर एकाचं उत्तर आलं "थोड्याच", दुसऱ्याने नुसता हसरा इमोजी पाठवला. आता या थोड्याच म्हणजे किती ते कोण सांगणार.

कुणी राहून आलं असेल किंवा तिकडे असेल तर प्लीज सांगा. आईला विचारलं तर ती म्हणते मला एकदा वर नेऊन ठेवा, मग मी बसते तिथेच, तुम्ही फिरा काय फिरायचं ते.

प्रतिसाद १

आई बरोबर बोलतायत, ऐका त्यांचं. तिसरा पर्याय घ्या.

खाली राहिलात तर सिंहगड बघायला जाऊन पायथ्याच्या डोणज्यात मुक्काम केल्यासारखं होईल. दुपारी दमून परत आलात की संध्याकाळी पुन्हा वर जायचा कंटाळा करणार, लिहून देतो.

प्रतिसाद २

ताई, मी पेरुजियात शिकलेय, गारिबाल्दीवरच राहायचे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या लेकीसाठी गारिबाल्दी एकदम योग्य, डोळे झाकून घ्या. आईंसाठी नाही. गारिबाल्दी रस्ता स्वतः फार खडा नाहीये, हळूहळू चढत वर सांत आंजेलोच्या त्या गोल जुन्या चर्चकडे जातो, पण ग्रिमाना चौक हा दोन चढांच्या मधला खोलगट भाग आहे. तिथून मुख्य चौकात यायचं तर चढ, परत जायचं तर उतार, आणि दगडी फरसबंदी पाऊस पडला की निसरडी होते. उतरताना त्रास होतो म्हणालात ना, मग रोजचं जेवण झाल्यावर घरी जाताना तोच उतार आहे हे लक्षात घ्या.

पेरुजिया कसं आहे की डोंगराच्या माथ्यावर एक लांबट सपाट पट्टा आहे, दक्षिणेला पियाझ्झा इतालिया आणि उत्तरेला पियाझ्झा क्वात्रो नोवेंब्रे, मध्ये कोर्सो वान्नुच्ची, गाड्यांना बंद. त्या पट्ट्यावर सगळं येतं. फोंताना माज्जोरे, म्हणजे १२७५ ते १२७८ मध्ये पिसानो बापलेकांनी घडवलेलं कारंजं, कॅथेड्रल, पलाझ्झो देई प्रिओरी आणि त्याच्यात पेरुजिनोची चित्रं असलेली नॅशनल गॅलरी. या पट्ट्याच्या कुठल्याही बाजूला पाऊल टाकलंत की उतार किंवा पायऱ्या. म्हणून फ्लॅट शोधताना चौकापासून किती मीटर हे बघूच नका, दाराबाहेर पडल्यावर वान्नुच्चीपर्यंत एकही पायरी न उतरता पोचता येतं का एवढंच विचारा. माझ्या ओळखीतल्या एकांनी चौकापासून दोन मिनिटांवर म्हणून घर घेतलेलं, ती दोन मिनिटं म्हणजे सरळ जिनाच होता.

सरकत्या जिन्यांची काळजी नको. ते पियाझ्झा पार्तिज्यानीवरून पियाझ्झा इतालियाला येतात, १९८३ पासून आहेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. स्टेशनबाहेरून सिटी बस थेट पियाझ्झा इतालियाला येते, नाहीतर सामान असताना सरळ टॅक्सी करा. मात्र ते जिने ज्या रोक्का पाओलिनातून जातात ते आईंना दाखवाच, वरच्या टोकाने आत शिरून थोडं फिरून परत यायचं. पोप तिसऱ्या पॉलने मिठाच्या करावरून बंड केलेल्या पेरुजियाला धडा शिकवायला १५४० मध्ये हा किल्ला बांधायला घेतला आणि बाल्योनी घराण्याची सगळी वस्ती, घरं, गल्ल्या, त्याच्याखाली गाडून टाकली. पुढे लोकांनी वरचा किल्ला पाडला, खालची गल्ली राहिली. डोक्यावर विटांची कमान, बाजूला कुणाच्यातरी घराचं दार, आणि शेजारून ऑफिसला जाणारी माणसं. इतकं भारी आहे ते की मला रोज त्यातून जाऊनही कंटाळा आला नाही.

मिनीमेट्रो छान आहे, २००८ ची, ड्रायव्हर नसलेले छोटे डबे केबलने ओढले जातात, पोरांना तर फार आवडते. पण रात्री लवकर बंद होते, रविवारी आणखी लवकर, त्यामुळे स्टेशनजवळ राहून रात्री वर जेवायला जायचा बेत असेल तर परतीचं आधी बघा. आणि फोंतीवेज्जेला रात्री मला एकटीला फारसं बरं वाटायचं नाही, हे माझं मत.

प्रतिसाद ३

गाडीबद्दल. जुन्या गावात झेडटीएल आहे, म्हणजे परवानगी नसलेली गाडी आत गेली की कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी, तुम्ही ट्रिप विसरलात की, घरी येतं. भाड्याच्या गाडीवर कंपनी स्वतःची फी वेगळी लावते. हॉटेल असेल तर ते नंबर कळवून सामान उतरवायची सोय करून देतात, आधी विचारा. आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून न्या. आणि गाडी ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी घ्या की, मुक्कामाशी कशाला जोडताय?

असिसीसाठी तर गाडी नकोच, ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोचता. स्टेशन खाली सान्ता मारिया देल्यी आंजेलीमध्ये आहे, तिथलं मोठं बॅसिलिका सपाटीवरच आहे, आणि वरच्या गावाला बस जाते.

धागालेखिका

खूप खूप आभार सगळ्यांचे! नवऱ्याला प्रतिसाद ३ वाचायला दिला, तो गप्प झालाय, त्यामुळे स्टेशन बाद. लेक गारिबाल्दीवर, आम्ही वर.

आता वरचे दोन उरलेत. एक पियाझ्झा इतालियाजवळ साधं हॉटेल, लिफ्ट आहे, किचन नाही. दुसरा वान्नुच्चीला लागून फ्लॅट, किचन आहे, "पहिला मजला, लिफ्ट नाही" असं लिहिलंय. आई शाकाहारी, अंडंही नाही, म्हणून मला किचन हवं होतं. सकाळचा चहा आणि रात्री वरणभात एवढं झालं तरी पुरे. पहिल्या मजल्याला असून असून किती पायऱ्या असतील?

प्रतिसाद २

ताई, तिथला पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, आणि जुन्या पलाझ्झोंची छतं उंच असतात, त्यामुळे आपल्या सोसायटीच्या दोन मजल्यांएवढा जिना निघू शकतो. त्यांना फक्त जिन्याचा फोटो मागा, खालच्या दारापासून वरच्या दारापर्यंत, कठडा दिसेल असा. फोटो पाठवायला टाळाटाळ केली तर समजून जा. आणि लिफ्टवाल्या हॉटेललाही विचारा की लिफ्टपर्यंत पोचायला पायऱ्या आहेत का, जुन्या इमारतीत अर्धा जिना चढल्यावर लिफ्ट सुरू होते असंही असतं.

जेवणाचं सांगते. तोर्ता आल तेस्तो मिळते, तापलेल्या तव्यावर भाजलेली जाड गोल रोटी, मधून कापून आत भाजी किंवा चीज घालतात. "एर्बा" म्हणजे परतलेली पालेभाजी असलेली मागा. पिठात चरबी आहे का तेवढं विचारून घ्या, कुठे कुठे घालतात. चीजच्या बाबतीत आई कडक असतील तर पेकोरिनो टाळा, त्यात बहुतेक वेळा वासराचं किंवा कोकराचं रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरतात ते जनावराच्या पोटातलं द्रव्य, असतं. ब्रेड बिनमिठाचा असतो, पहिल्या घासाला अळणी लागेल, सोबत लोणचं न्या. मी असते तर हॉटेल घेतलं असतं आणि इलेक्ट्रिक केटल नेली असती.

प्रतिसाद १

हॉटेल घेतलंत तर कार्दुच्ची बाग अगदी जवळ पडते. आईंना म्हणावं बाकावर बसा, समोर अर्धा उंब्रिया प्रांत दिसतो.

आणि सप्टेंबरअखेर आहे म्हणून निवांत राहू नका, जुलैत उंब्रिया जॅझ या संगीत महोत्सवाच्या वेळी जे भाव चढतात तसे नसले तरी लिफ्टवाल्या खोल्या वर मोजक्याच असतात. फुकट रद्द करता येईल असं बघून आजच बुक करून टाका.

धागालेखिका

हॉटेलला ईमेल केली होती, उत्तर आलं. लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, फोटोसकट. बुक केलं. फ्लॅटवाल्याने जिन्याचा फोटो मागितल्यावर खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचा पाठवलाय.

एकच शेवटचं, हॉटेलवाले खोलीत केटल वापरू देतात ना?