ननथॉर्प डेजूरच्या आधीची

कुणीतरी लिहिलंय की ननथॉर्प स्टेक्स या घोड्यांच्या शर्यतीचा इतिहास १९९० मध्ये डेजूर या घोड्यापासून सुरू होतो. तसं नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कची ही पाच फर्लांगांची (साधारण एक किलोमीटरची) सरळ शर्यत १९२२ पासूनची आहे. १९२४ मध्ये ती जिंकली मुमताज महलने. ही करड्या रंगाची घोडी आगाखान तिसरे यांची, म्हणजे आपल्या पुण्यातला आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला त्यांचीच! १९३६ चा इंग्लिश डर्बी विजेता घोडा महमूद तिच्या मुलीचा मुलगा, आणि नसरुल्लाह हा घोडाही तिचा नातूच. पाच फर्लांगांच्या घोडीचं रक्त एवढं लांब पोचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डेजूरने १९९० च्या ननथॉर्पमध्ये ५६.१६ सेकंदांचा विक्रम केला, तो थेट २०१९ मध्ये बटाश या घोड्याने ५५.९० सेकंदांत मोडला. दोघांचे मालक एकच, दुबईचे शेख हमदान अल मक्तूम.

पण डेजूर म्हटलं की मला १९९० चीच, अमेरिकेतल्या बेलमाँटची ब्रीडर्स कप स्प्रिंट शर्यत आठवते. शेवटच्या काही ढांगा उरलेल्या, तो पुढे, आणि समोर मातीवर आडवी सावली पडलेली. त्याने ती अडथळा समजून चक्क उडी मारून ओलांडली. सेफली केप्ट ही घोडी जिंकली. अजूनही ते बघताना जीव हळहळतो.