फुप्फुसात गाठी, लिव्हरवर ठिपके: सार्कॉइडोसिस असेल तर मायला कुठं दाखवावं?

पूर्णाकाठ (परभणी):
मायचं वय 52. दिवाळीपासून कोरडा खोकला, वजन आठ किलो उतरलं. थुंकीत काही निघालं नाही, तरी टीबी धरून चार महिने गोळ्या दिल्या. लिव्हरचे आकडे वाढले म्हणून त्या बंद केल्या. आता सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गोल गाठी, लिव्हरवर ठिपके. एक डॉक्टर म्हणतात कॅन्सर पसरलाय, दुसरे म्हणतात सार्कॉइडोसिस असेल. रात्रभर खाज सुटते, हात ओरबाडून रक्त काढलंय तिनं. संभाजीनगरला न्यावं का हैदराबादला?

बालाघाट (अंबाजोगाई):
दादा, माझ्या थोरल्या भावाला हाच सार्कॉइडोसिस झाला होता. यात शरीराची प्रतिकारशक्ती बिथरून अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होतात, तो कॅन्सर नाही. त्यालाही कॅन्सर सांगितला होता, घरात आठ दिवस चूल नीट पेटली नाही. गाव नंतर ठरवा, आधी छातीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, 'तुमच्याकडं एबस होतं का?' त्यात तोंडातून सोनोग्राफीची दुर्बीण घालून श्वासनळीलगतच्या गाठीतून सुईनं नमुना घेतात. तोच नमुना टीबीच्या जीन एक्सपर्ट आणि कल्चर या तपासण्यांनाही पाठवायला सांगा. टीबीच्या गाठीचा गाभा बहुतेकदा सडलेला असतो, सार्कॉइडच्या गाठीत सहसा तसं नसतं. भावाच्या रिपोर्टात 'नॉन-केसिएटिंग ग्रॅन्युलोमा', म्हणजे न सडलेल्या गाठी, असं लिहून आलं होतं. तेवढ्यानंही निकाल लागत नाही, टीबी आणि बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात.

आणि टीबीच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा लिव्हर रिपोर्ट शोधा. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हर तपासणीतला एक आकडा) तेव्हाच वाढलेलं असेल तर सगळा दोष गोळ्यांवर टाकता येत नाही. सार्कॉइड लिव्हरमध्ये शिरतो तेव्हा बहुतेकदा हाच आकडा चढतो. खाजही त्यातलीच असू शकते.

मांजराकाठ (लातूर):
वरचं अगदी खरं. माझी भर: माय गुडघ्यांसाठी कॅल्शियम किंवा डी जीवनसत्त्व घेते का? या आजारात रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होऊ शकतो. आजच डॉक्टरांना विचारा. एसीई ही रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. डोळे आणि ईसीजी तपासून घ्या, काही दुखत नसलं तरी. टीबी नाही याची खात्री होईपर्यंत यावरच्या स्टेरॉइडची घाई नको. सुरू झालं तर साखर बघत राहा, आणि बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करू नका.

पूर्णाकाठ (परभणी):
डिसेंबरचा कागद सापडला. अल्कलाइन फॉस्फेटेज 410, म्हणजे तेव्हाच वाढलेलं होतं. गोळ्या जानेवारीत सुरू झाल्या होत्या. आणि देवघराच्या फळीवर कॅल्शियमचं अर्धं पाकीट निघालं, माय रोज घेत होती. डॉक्टरांना फोन केला, ते बंद करून कॅल्शियम तपासायला सांगितलंय. एबस संभाजीनगरला होतंय, सोमवारी तपोवन एक्स्प्रेसनं निघतो. दोघांचेही लई उपकार झाले.