सवलतीच्या औषधांतील रुग्णाचा वाटा

औषध महाग असले की रुग्णाचा वाटाही तितकाच वाढतो, हे मत सर्वत्र लागू होत नाही. इंग्लंडमध्ये शुल्कमाफी नसलेला रुग्ण चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ठरावीक रक्कम भरतो, मग गोळी साधी असो वा अत्यंत महागडी. किमतीचा उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते. चिठ्ठीवर चार औषधे असली की चार शुल्के पडतात, म्हणून नियमित औषधे घेणाऱ्यांना वर्षभराचे शुल्क आगाऊ भरण्याची सोय आहे.

मला खरोखर खटकते ती आजारांनुसार माफी देणारी यादी. १९६८ मध्ये ठरलेल्या या यादीत २००९ मध्ये कर्करोगाची भर पडली. पण मधुमेहावर औषध घेणाऱ्याला माफी मिळते, तर श्वासासाठी पंपावर अवलंबून असलेल्या दमेकऱ्याला केवळ त्या आजारासाठी ती मिळत नाही. ब्रिटनचाच भाग असलेल्या शेजारच्या वेल्सने मात्र २००७ मध्ये शुल्कच रद्द केले.