शोधसूचींच्या स्टाइलशीटचे तुकडे कसे पाडावेत?

प्रश्न
आमच्या अभिलेखागारातील संग्रहांच्या शोधसूची (संग्रहात काय आहे हे सांगणारी वर्णने) ईएडी २००२ या एक्सएमएल मानकात नोंदलेल्या असून, त्यांची वेबपाने तयार करणारे एक्सएसएलटी स्टाइलशीट (एक्सएमएलचे रूपांतर करणाऱ्या नियमांचा संच) एकाच अवाढव्य फाइलमध्ये आहे. छायाचित्रांसाठी थोडी निराळी मांडणी हवी म्हणून तिची एक प्रत काढली गेली, नकाशांसाठी दुसरी, आणि आता तारखेच्या मांडणीत साधा बदल करायचा तरी तो प्रत्येक प्रतीत करावा लागतो. तुकडे पाडायचे हे नक्की. पण ते ईएडीच्या घटकांनुसार (टॅगनुसार) पाडावेत की पानाच्या भागांनुसार, आणि एक फाइल दुसरीत जोडण्यासाठी एक्सएसएलटीची इन्क्लूड ही आज्ञा वापरावी की इम्पोर्ट, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १
आपल्या गरजेला इम्पोर्टच योग्य आहे. इन्क्लूडने आणलेले टेम्प्लेट (एखादा घटक कसा मांडायचा याचा नियम) त्याच फाइलमध्ये लिहिल्यासारखे धरले जाते. त्यामुळे एकाच घटकासाठी सारख्या प्राधान्याची दोन टेम्प्लेट झाली, तर एक्सएसएलटी १.० नुसार प्रोसेसर एक तर चूक दाखवतो किंवा शेवटचे टेम्प्लेट निमूटपणे उचलतो. इम्पोर्टमध्ये मात्र आयात करणाऱ्या फाइलचा शब्द अखेरचा असतो. सर्व संग्रहांना समान असलेली टेम्प्लेट पायाभूत फाइलमध्ये ठेवावीत. छायाचित्रांच्या छोट्या फाइलने ती आयात करून फक्त वेगळेपणापुरती टेम्प्लेट लिहावीत, आणि मूळ मांडणीत थोडीच भर घालायची असेल तेथे आयात केलेले मूळ टेम्प्लेट चालवणारी अप्लाय-इम्पोर्ट्स ही आज्ञा वापरावी. एक्सएसएलटी १.० मध्ये इम्पोर्टच्या ओळी फाइलमध्ये इतर सर्व घोषणांच्या आधी याव्या लागतात, हे ध्यानात असू द्यावे.

पायाभूत फाइलचे पोटविभाग करताना मी घटकांनुसार जाईन: संग्रहाची प्राथमिक माहिती देणारा डीआयडी हा घटक, चरित्र व इतिहास, आशय व व्याप्ती, प्रवेशबिंदू आणि सर्वांत अवघड असा घटकसूचीचा (संग्रहातील मालिका, धारिका व कागद यांच्या उतरंडीचा) भाग. अनुक्रमणिकेसाठी तेच घटक दुसऱ्यांदा वाचावे लागतात. ते काम टेम्प्लेटना मोड (त्याच घटकासाठी वेगळा नियमसंच निवडणारे नाव) देऊन वेगळ्या फाइलमध्ये करावे.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे, पण घटकसूचीवर अधिक बोलायला हवे, कारण स्टाइलशीट फुगतात ती तेथेच. उतरंडीच्या पातळ्या दाखवणाऱ्या सी०१ पासून सी१२ पर्यंतच्या घटकांत प्रत्येक पातळीसाठी स्वतंत्र टेम्प्लेट लिहिण्याची सवय सर्रास दिसते. त्याऐवजी सर्व पातळ्यांसाठी, आणि क्रमांक नसलेल्या सी घटकासाठीही, एकच टेम्प्लेट असावे आणि त्याने आपल्या पोटातील घटकांना पुन्हा त्याच टेम्प्लेटकडे पाठवावे. एचटीएमएलमध्ये शीर्षकांच्या पातळ्या सहाच आहेत, त्यामुळे बारा पातळ्यांना बारा शीर्षके देणे तसेही शक्य नाही. लेव्हल या गुणधर्मात मालिका किंवा उपमालिका असेल तरच शीर्षक द्यावे. धारिका आणि सुटे कागद साध्या नेस्टेड यादीत यावेत.

तारखेसाठी एकच नामित (नावाने बोलावता येणारे) टेम्प्लेट ठेवावे. ईएडी २००२ मध्ये तारखेचा घटक युनिटडेट हा शीर्षकाचा घटक युनिटटायटल याच्या आतही चालतो आणि शेजारीही. दोन्ही पद्धती एकाच सूचीत आढळल्या की तारीख कुठे दोनदा उमटते, तर कुठे स्वल्पविरामाविना शीर्षकाला चिकटते. रंग, समास आणि छपाईची मांडणी यांना एक्सएसएलटीने हातच लावू नये. त्याने क्लासची नावे द्यावीत, बाकीचे सीएसएसवर सोडावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. काही सूची डीटीडीवर, तर काही स्कीमावर (एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या जुन्या व नव्या पद्धतींवर) आधारलेल्या आहेत. दुसऱ्या प्रकारच्या सूचीत एकही टेम्प्लेट लागू होत नाही आणि सगळा मजकूर सलग ओतला जातो. हे कशामुळे होते?

उत्तर २
स्कीमावरील सूचीला नेमस्पेस (घटकांची नावे कोणत्या मानकातील आहेत हे सांगणारी ओळख) असते, डीटीडीवरील सूचीला नसते; त्यामुळे नेमस्पेसविना लिहिलेली टेम्प्लेट तिच्या घटकांना जुळत नाहीत. टेम्प्लेट जुळले नाही की एक्सएसएलटीचे अंगभूत नियम नुसता मजकूर बाहेर टाकतात. दोन्हींसाठी दुहेरी टेम्प्लेट लिहू नका. आधी एका छोट्या स्टाइलशीटने सर्व सूची एकाच रूपात आणा आणि प्रदर्शनाची स्टाइलशीट त्या रूपावरच चालवा. पुढे २०१५ च्या ईएडी३ या आवृत्तीकडे वळलात, तर त्या सूचींसाठीही हाच टप्पा वाढवता येईल. शिवाय पायाभूत फाइलमध्ये कोणत्याही घटकाला जुळणारे, सर्वांत कमी प्राधान्याचे एक टेम्प्लेट ठेवून त्यात मेसेज या आज्ञेद्वारे घटकाचे नाव छापा, म्हणजे कोणता घटक निसटला ते रूपांतराच्या वेळीच दिसेल.