एका विज्ञानकथेचा राग चार दिवस जात नाहीये, तुमचं असं झालंय का?

खिडकीशी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी कॉलेजपासून विज्ञानकथा वाचतोय, बहुतेक लघुकथाच, कारण सकाळी सीएसएमटीला जाताना एक आणि संध्याकाळी येताना एक असा बरोबर हिशोब बसतो. मंगळवारी टॉम गॉडविनची 'द कोल्ड इक्वेशन्स' वाचली. 1954 सालची आहे, नाव खूपदा ऐकलं होतं पण वाचायची राहून गेली होती.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (शेवटही सांगतोय, नको असेल तर इथेच थांबा). एका लांबच्या ग्रहावर सहा माणसं तापाने मरायला टेकलीत, त्यांना औषध पोचवायला एक छोटं यान निघालंय, आत एकच पायलट आणि मोजूनमापून तेवढ्यापुरतंच इंधन. वाटेत कळतं की आतल्या कपाटात अठरा वर्षांची एक मुलगी लपून बसलीय. तिचा भाऊ त्याच ग्रहावर कामाला आहे आणि तिला त्याला भेटायचंय. आत येऊ नये अशी पाटी होती, तिने ती वाचलीही होती, पण तिला वाटलं सापडले तर फार तर दंड भरीन. आता तिच्या वजनाने इंधन कमी पडणार, यान कोसळणार आणि पायलट, ती, ते सहा जण सगळेच जाणार. म्हणून तिला यानाबाहेर काढावं लागतं. संपली कथा.

हे मी वाचलं कुठे, तर चौथ्या सीटवर. ठाण्याला एक आजोबा चढले, त्यांनाही कुणीतरी बसायला दिलं, म्हणजे तिघांच्या बाकावर चार तर होतेच, वर समोर गुडघ्याला गुडघे लावून उभे असलेले, तरी कोणी ना कोणी जरा सरका हो म्हणतोय आणि माणसं सरकतायत. आणि हातातल्या मोबाईलवर एका मुलीला जागा नाही म्हणून बाहेर काढतायत! भायखळा गेलं तरी मी त्याच पानावर. दुःख वगैरे नंतर, आधी नुसता राग आला, असं वाटलं की लेखकाने तिला मुद्दाम कोंडीत पकडलंय.

तुम्हाला कुठल्या कथेचा असा राग आलाय का? आणि ही वाचली असेल तर तुमचं काय झालं? मित्र म्हणतो गणित आहे ते, गणितावर कसलं चिडायचं. मला ते पटत नाहीये.

लिफ्टवाला_परळ

दादा तुमचा राग बरोबर आहे. मी 22 वर्षं लिफ्टच्या मेन्टेनन्समध्ये आहे. आपल्या सोसायट्यांमधल्या लिफ्टमध्ये पाटी बघा, 6 माणसं 408 किलो, म्हणजे माणशी 68 धरलेत. सातवा आला की बझर वाजतो, दार बंदच होत नाही, लिफ्ट जागची हलत नाही. पण दोर तेवढ्याच वजनाचे लावलेले नसतात, दहा-बारा पट ताकदीचे असतात, कारण माणूस चुकणार हे धरूनच आम्ही काम करतो. मी कथा तीनेक वर्षांपूर्वी वाचली आणि पहिला प्रश्न हाच पडला की निघायच्या आधी कपाट का नाही उघडून बघितलं कोणी? एका माणसाच्या वजनाने सगळे मरणार हे माहीत आहे, आणि बंदोबस्त काय तर एक पाटी. आमच्याकडे असं कोणी केलं तर लायसन जाईल. त्या मुलीला गणिताने नाही मारलं, ज्याने इतकं काठावरचं यान बनवून वर पाठवलं त्याने मारलं. कथेत त्याचं नावसुद्धा येत नाही, मला राग त्याचा आला.

कुर्ला_पश्चिम

मी उलट बोलणार आहे, राग मानू नका. मला ही कथा खूप खरी वाटली. 26 जुलै 2005 ला मी नववीत होतो, आमचं घर तळमजल्यावर. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा नंतर पेपरात वाचला, त्या दिवशी आम्हाला एवढंच दिसत होतं की गॅसच्या शेगडीपर्यंत पाणी आलंय आणि अजून चढतंय. आईने गहू वाचवायला डबा डोक्यावर घेतला आणि तशीच उभी राहिली. त्या पाण्याला आम्ही चांगली माणसं आहोत का वाईट, लहान आहोत का मोठे, काही घेणंदेणं नव्हतं. तोपर्यंत मी वाचलेल्या सगळ्या गोष्टींत शेवटी कोणीतरी येऊन वाचवायचं. ही पहिली कथा जिच्यात कोणीच येत नाही, आणि वाचल्यावर मला हलकं वाटलं, की हे कोणीतरी लिहून ठेवलंय. मला ती क्रूर नाही वाटली.

लिफ्टवाला_परळ

कुर्लावाले भाऊ, वाचून अंगावर काटा आला. पण पाऊस वरून आला तरी मिठीचं पात्र माणसांनीच भराव घालून अरुंद केलं होतं ना? मी तेच म्हणतोय.

कुर्ला_पश्चिम

हो, ते खरंय. याचा विचार करतो.

दादरचा_वाचक

तरुण मंडळींना एक माहिती देतो, मूळ प्रश्नकर्त्याला उपयोगी पडेल. ही कथा ज्या मासिकात आली त्याचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ती गॉडविनकडे पुन्हा पुन्हा परत पाठवली, कारण गॉडविन दर वेळी मुलीला वाचवायची काहीतरी युक्ती काढत होते आणि संपादकांना ती मरायलाच हवी होती. तेव्हा तुम्हाला कोंडी जाणवली ती उगाच नाही, लेखकालाही ती जाणवली असणार. हे कळल्यापासून मी ती कथा एका माणसाला नाही म्हणता आलं नाही याची गोष्ट म्हणून वाचतो आणि गॉडविनबद्दल फार वाईट वाटतं.

माझा स्वतःचा अनुभव रागाचा नाही, वेगळा आहे. आम्ही वाढलो दिवाळी अंकांवर, 'नवल' घरात आला की भावंडांत ओढाओढ. मग नारळीकर आले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून कोणी झुकतं माप द्यायला नको. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या कथा वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हे आकाश आपल्या भाषेतही मावतं. गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात ते गेले त्या रात्री मी त्यांचा संग्रह काढून बसलो, कागद पिवळा पडलाय, पानं सुटी झालीत, पण दोन वाजेपर्यंत उठवलं नाही.

नाईट_शिफ्ट

मी नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. ही कथा मी 2021 च्या पावसाळ्यात वाचली, म्हणजे एप्रिलमधलं सगळं होऊन गेल्यावर. वॉर्डात एक बेड रिकामा आणि खाली दोन ॲम्ब्युलन्स, असं एका रात्रीत तीनदा झालं. तेव्हा आम्हालाही सगळे हेच सांगत होते की काय करणार, आकडाच तेवढा आहे. परळच्या दादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, तो आकडा आधी कधीतरी कोणीतरी ठरवलेला असतो आणि दारात उभं राहायला मात्र आम्ही.

पण खिडकीशी दादा, मला कथेतला तो पायलट आठवतो. त्याच्याकडे देण्यासारखं काहीच नाही तरी तो यानाचा वेग कमी करणं लांबवतो आणि तिला जवळपास तासभर मिळवून देतो. त्या तासात ती घरी पत्रं लिहिते. मग भाऊ रेडिओवर येतो, ग्रह फिरतोय म्हणून तो थोड्याच वेळात रेंजच्या बाहेर जाणार असतो, तेवढ्यात दोघं बोलून घेतात. मी तिथे पुस्तक मिटलं. आम्ही मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेशंटच्या तोंडासमोर धरायचो. पलीकडे घरचे. पीपीईच्या आत घाम डोळ्यात जायचा, पुसता यायचा नाही, हात भरून यायचा पण खाली घ्यायचा नाही. एक आजी नातवाला फक्त एवढंच विचारत होत्या की जेवलास का, जेवलास का. त्या कथेवर मला रागावता नाही आलं.

खिडकीशी_डोंबिवली

ताई, तुमचं वाचून काल येताना कथा परत काढली. रेडिओचा भाग मी पहिल्यांदा भराभर वाचून टाकला होता, कारण माझं सगळं लक्ष ती वाचते कशी याकडे होतं. या वेळी हळू वाचला. पायलट सगळा वेळ तिथेच असतो, त्यांच्या बोलण्यात पडत नाही, हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं.

राग आहे अजून, पण आता तो परळच्या दादांनी दाखवलेल्या माणसावर आहे, ज्याचं नाव कथेत नाही.

दादरचे काका, तुमच्याकडचा नारळीकरांचा संग्रह बघायला मिळेल का? शनिवारी मला सुट्टी आहे, तिथेच बसून वाचीन, सुट्या पानांना जपीन.